कोल्हापूर ते मेलबर्न: घराच्या दारापासून तास मोज

भावा, तू विचारलंस, "जुलैत शिकायला मेलबर्नला निघतोय, विमानाला नक्की किती तास लागतात? कोल्हापुरातून कधी निघू?"

मुंबई ते मेलबर्न सरळ रेषेत साधारण ९,८०० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलास तर पहिला टप्पा साडेपाच तासांचा, दुसरा साडेसात तासांचा, मध्ये तीन तास थांबा. म्हणजे सोळा तास. रात्री साडेअकराला मुंबईतून उडालास तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या आठला उतरशील. जुलैत मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं, म्हणजे घरी तेव्हा दुपारचे साडेतीन. आईला फोनची वेळ आधीच सांगून ठेव, ती वाट बघत बसते.

पण माझ्या मते तुझा खरा प्रवास कोल्हापूर ते मुंबईचा आहे. गाडीने पावणेचारशे-चारशे किलोमीटर, आठ तास धर, आणि पनवेलच्या पुढे काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही. सकाळी दहाला घर सोडलंस तर मेलबर्नच्या खोलीत पोचेपर्यंत एकतीस-बत्तीस तास होतात.

त्यात जुलै-ऑगस्ट! २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सुट्टी संपवून मेलबर्नला परत निघालो होतो. पंचगंगा चढली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. बॅगा भरून मी दारात उभा, आणि जायला रस्ताच नाही. विमान चुकलं. नवं तिकीट काढताना पैसे गेलेच, पण वडिलांचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. २०२१ च्या जुलैतही महामार्ग असाच बंद पडला होता. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी मुंबईत पोच. अंधेरीला, ठाण्याला कुणी पाहुणे असतील तर त्यांच्याकडे राहा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वाढत असेल तर आणखी लवकर निघ. महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण जमलं तर उत्तमच, पण मोठ्या पुरात रेल्वेचाही भरवसा धरू नकोस.

तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढ. वेगवेगळी दोन काढलीस आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. मुंबईत बॅग दिल्यावर चिठ्ठीवर शेवटची अक्षरं एम-ई-एल, म्हणजे मेलबर्न, आहेत ना, ते स्वतः वाच. एस-आय-एन, म्हणजे सिंगापूर, असतील तर तिथंच काउंटरवर विचार.

आणि आई डब्यात पेढे भरेलच. दुधाचे पदार्थ मेलबर्नला काढून घेतात, ते मुंबईतच संपव. कांदा-लसूण मसाला मात्र पाकीटबंद घे आणि उतरताना प्रवासी कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला "हो" लिही. लपवलंस तर मोठा दंड बसतो. मी दर वेळी लिहून दाखवतो, उघडून बघतात आणि मसाला परत देतात.