विहिरीची वही

“मॅडम, पोरगं हुशार आहे हो, पण एका गोष्टीवर टिकत नाही. रोज नवं खूळ.” नववी संपून दहावीचे जादा तास सुरू व्हायचे असतात, त्या दिवसांत समुपदेशक म्हणून हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. त्यामागची काळजीही ठरलेली असते. या चौकसपणातून पुढे काही निघणार आहे, की वर्ष वाया जाणार आहे?

या काळजीला मी आता एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

कुटुंब सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं. वडिलांचं औषधांचं दुकान, शेती आजोबा बघतात. वीस वर्षं काउंटरमागे उभं राहून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या माणसाला, आपल्या मुलाने चिठ्ठी लिहिणारा व्हावं असं वाटलं तर त्यात चूक काहीच नाही. नीटच्या क्लासची चौकशी करून झाली होती. आणि मुलगा नववीत ८६ टक्क्यांवरून ७२ वर आला होता.

वडिलांनी पिशवीतून एक जप्त केलेली वही काढून माझ्यापुढे ठेवली. “हे बघा, गणिताच्या वहीत हे उद्योग चालतात.”

वही मागच्या पानापासून सुरू केलेली होती. पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, ‘आमची’, ‘बांधापलीकडची’. मार्चमधल्या एका रविवारी आमची २२ हात, बांधापलीकडची १७. एप्रिलमध्ये २६ आणि १९. दोरीच्या टोकाला दगड बांधायचा, हाताहाताच्या अंतरावर गाठी मारायच्या, आणि विहिरीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते गाठी मोजून लिहायचं. दर बुधवारी, दर रविवारी, सलग सहा महिने. एका ओळीपाशी मी थांबले. ‘वळीव झाला. त्यांची तिसऱ्या दिवशी वर आली. आमची नाही. का?’ त्या ‘का’वर पेन्सिल इतकी दाबली होती की पानाच्या पाठीवर ती अक्षरं बोटाला लागत होती.

मी वडिलांना विचारलं, “हे मोजायला त्याला कुणी सांगितलं होतं?”

“सांगतंय कोण! मी तर ओरडत होतो.”

तोवर मुलगा खाली बघत बसला होता. या उत्तरावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

टेबल फॅनची मोटर उघडून बघणं, मुंग्यांना साखरेच्या रेषा घालणं ही त्याची आधीची खुळं दहा-पंधरा दिवसांत विरली होती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी उत्सुकतेत एक फरक केला होता. एक उत्सुकता कंटाळा घालवायला काहीही नवं शोधत हिंडते, आणि दुसरी एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मुलांमध्ये दोन्ही असतात आणि असायला हव्यात. पण पालकांच्या हिशोबात दोन्ही एकाच ओळीत येतात: ‘नाद’. मी एवढंच बघते, की त्या नादापायी मूल न सांगता किती कंटाळवाणं काम करतं. मोबाइलवर विहिरींचे व्हिडिओ बघायला कष्ट पडत नाहीत. उन्हात दोरी सोडून गाठी मोजायच्या, आणि आकडा तोच आला तरी तो लिहायचा, याला चिकाटी लागते. ज्या मुलाला ‘टिकत नाही’ म्हणून माझ्याकडे आणलं होतं, ते सहा महिने टिकलेलं होतं.

गुण मात्र खरंच घसरले होते आणि ते मी झाकलं नाही. गृहपाठ बुडत होता, संस्कृतचं पुस्तक तर उघडलेलंच नव्हतं. वही परत द्यायची, पण मोजणी झाली की लगेच अभ्यासाला बसायचं, असं तिघांत ठरलं. यामागे एक धागा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एखाद्या प्रश्नाच्या उत्तराची ओढ लागलेली असताना मधेच दाखवलेले अनोळखी चेहरेही लोकांच्या जास्त लक्षात राहिले, असं त्यात दिसलं. प्रयोगशाळेतल्या प्रयोगावरून दहावीच्या गुणांची हमी देता येत नाही, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. करून बघायला हरकत नव्हती.

एक अडचण मात्र वेगळी होती. आजोबांनी बोअरसाठी पाणाड्या, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, बोलावला होता. तळहातावरचा नारळ उभा राहिला तशी सगळ्यांनी मान डोलावली, आणि याने चारचौघांत विचारलं, “मग विहिरीच्या काठावर तो का उभा राहत नाही?” आजोबांनी कानाखाली वाजवली. बोअर कोरडी गेली, पण दोघांमधला अबोला राहिला. प्रश्न चोख होता, तरी विचारताना म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान झाला होता. यावर आम्ही दोन बैठका घातल्या. माझ्या मते त्याच्या समुपदेशनातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. आजोबांना खोटं पाडायचं नाही, त्यांना काय माहीत आहे ते विचारायचं, एवढाच गृहपाठ मी दिला.

तिसऱ्या भेटीला तो जवळजवळ धावतच आत आला. आजोबा बोलले होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी विहीर खोल करायला घेतली, मुरूम संपला आणि खाली काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या, काम सोडलं. बांधापलीकडच्या विहिरीत मात्र मऊ, भोकाभोकांचा दगड निघाला होता. म्हणजे ‘का’चं अर्धं उत्तर घरातच पन्नास वर्षं पडून होतं.

उरलेलं माझ्या ओळखीच्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याला समजावलं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसॉल्टचा आहे. एकसंध काळ्या दगडात भेगा असतील तेवढंच पाणी. झिजलेल्या आणि सच्छिद्र थरात ते मुरतं आणि साठतं. म्हणून एका बांधाच्या अंतरावर दोन विहिरींचं नशीब वेगळं असू शकतं. ऐकून त्याचं समाधान होईल असं मला वाटलं होतं, पण त्याचे प्रश्न वाढले.

आता वडील दुसऱ्या टोकाला गेले. “मग याला भूगर्भशास्त्रज्ञच करू या का?” मी थांबवलं. पूर्वी एका पक्षीवेड्या मुलीला मी पहिल्याच भेटीत ‘तू पक्षितज्ज्ञ होणार’ म्हणून बसले होते. घरच्यांनी दुर्बीण आणली, शिबिरं ठरवली, वेळापत्रक लावलं. वर्षभरात तिने पक्ष्यांचं नाव टाकलं. ती घाई माझी होती, आणि तिची रुखरुख मला अजून आहे. पंधराव्या वर्षीच्या प्रश्नावर करिअरची पाटी ठोकली की तो प्रश्न मुलाचा राहत नाही.

म्हणून रस्ते फक्त कागदावर मांडले. बारावी सायन्सनंतर भूशास्त्रात बीएस्सी. पुण्यात फर्ग्युसनमध्ये तो विषय आहे. पुढे एमएस्सी, मग यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, जिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जागा भरतात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारण आहे, दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा आहे. यातल्या कशावरही त्या दिवशी खूण केली नाही. अकरावीला गणित सोडायचं नाही, एवढा एकच निर्णय घेतला. नीटसाठी गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घ्यायचा घरचा बेत होता. त्याने यातली बरीच दारं पंधराव्या वर्षीच बंद झाली असती. दोन्ही विषय ठेवायचे ठरले, म्हणजे वडिलांचा रस्ताही मोकळा राहिला.

दहावीला ८१ टक्के पडले. संस्कृतने दगा दिला. सध्या तो अकरावीला साताऱ्यात, वसतिगृहात राहतो, आणि डॉक्टर व्हायचं की आणखी काही हे अजून ठरलेलं नाही.

गेल्या दिवाळीत तो वही दाखवायला आला होता. जूनपासूनच्या नोंदी गिचमिड्या अक्षरात होत्या. तो गावी नसतो, त्यामुळे बुधवार-रविवारी दुकान उघडण्याआधी वडील दोरी सोडतात. ऑगस्टमधल्या एका आकड्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: ‘मोटर बंद. पाऊसही आहे. तरी पाणी एक हात खाली. का?’