कुंग फू चित्रपट : सुरुवात ब्रूस लीनंतर कुठून करावी?

ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ आवडला, आता जुन्या कुंग फू चित्रपटांपैकी आधी कोणते पाहावेत, असे आपण विचारले आहे. माझा आग्रह असा की, नटांच्या नावांवरून यादी करण्याऐवजी मारामारी कोणी बसवली आहे हे पाहून चित्रपट निवडावेत, आणि म्हणूनच सुरुवात लाउ कार-ल्यूंग यांच्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’पासून (१९७८) करावी.

लाउ यांचे वडील ज्या लाम साई-विंग यांच्याकडे शिकले, ते वाँग फेई-हुंग या नामवंत चिनी कुंग फू गुरूंचे शिष्य होते. त्यामुळे पडद्यावरची विद्या या दिग्दर्शकाला घरातूनच मिळालेली होती. या चित्रपटात मांचू राजवटीच्या जुलमाने पोळलेला एक तरुण शाओलिन मठात येतो आणि चित्रपटाचा मोठा भाग केवळ त्याच्या शिक्षणात जातो. जेवणघरात पोहोचण्यासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून जावे लागते आणि तो पुन्हा पुन्हा पाण्यात पडतो; पुढे दोन्ही हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहाव्या लागतात, तेव्हा दंडांना बांधलेली पाती हात जरा खाली येताच बरगड्यांत टोचतात. या तरुणाची भूमिका करणाऱ्या गॉर्डन लिउ यांच्या चेहऱ्यावरचा ताण पाहताना प्रत्येक हालचालीमागे किती मेहनत आहे हे आपल्या लक्षात येते आणि त्यानंतर कोणताही कुंग फू चित्रपट पाहण्याची आपली नजर बदलते. मला हा चित्रपट या साऱ्या परंपरेतला सर्वश्रेष्ठ वाटतो.

त्यानंतर त्याच वर्षीचा ‘ड्रंकन मास्टर’ पाहावा. युएन वू-पिंग यांनी त्यात जॅकी चॅनकडून त्याच वाँग फेई-हुंग यांची भूमिका करून घेतली. पण क्वान टाक-हिंग यांनी १९४९पासून कितीतरी चित्रपटांत धीरगंभीर गुरू म्हणून उभ्या केलेल्या या व्यक्तिरेखेला येथे उनाड पोराचे रूप दिले आहे. शिक्षणाचा तोच विषय विनोदाच्या अंगाने कसा खुलतो, हे लागोपाठ पाहिल्यास अधिक जाणवते.

ब्रूस लीचा आणखी एक चित्रपट पाहायचा असेल, तर ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) निवडावा. गुरूच्या मृत्यूने पेटून उठलेला शिष्य शांघायमधल्या जपानी आखाड्यात एकटा शिरतो, त्या प्रसंगातला संताप ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये नाही.

दिग्दर्शक किंग हू यांच्या तलवारपटांची वाट थोडी वेगळी आहे. ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये (१९६६) चेंग पेई-पेई खानावळीत शांतपणे बसून गुंडांना जोखते, तो प्रसंग अवश्य पाहावा. त्यांचा ‘अ टच ऑफ झेन’ मात्र लगेच पाहू नये. तो सुमारे तीन तासांचा आहे, पहिल्या लढतीसाठी बराच वेळ थांबावे लागते आणि बांबूच्या वनातल्या लढतीची खरी गोडी ती वाट पाहण्याची तयारी असेल तरच लागते.

एक गोष्ट कृपया सांभाळावी. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रपटसंस्थेचे या काळातले बहुतेक चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाले होते, त्यामुळे जुन्या दूरचित्रवाणीच्या चौकटीत बसवण्यासाठी कडा कापलेल्या प्रतींमध्ये अनेकदा दोघांपैकी एकच लढवय्या दिसतो. अशी प्रत मिळाली, तर पूर्ण रुंदीची प्रत मिळेपर्यंत थांबावे. भाषांतरित संवादांऐवजी मूळ ध्वनी आणि उपशीर्षके घेतल्यास आणखी उत्तम.