रासबेरीचं फळ हातात सुटतंय? आधी मणी पाहा

प्रश्न : आमच्या परसात रासबेरीची वीस झाडं आहेत. फुलं भरपूर येतात, पण फळ वेडंवाकडं, अर्धवट भरतं आणि तोडताना हातातच मणी सुटे होतात. स्ट्रॉबेरीला मारतो तेच कीटकनाशक यालाही दोनदा मारलं, फरक नाही. काय करावं? (एक शेतकरी ताई, ता. महाबळेश्वर)

उत्तर : ताई, फुलोरा चालू आहे तोवर फवारणी पूर्ण बंद ठेवा. रोग-कीड आहे की नाही हे नंतर बघू, पण तुमच्या लिहिण्यावरून मला पहिली शंका मधमाशीची येते.

रासबेरीचं एक फळ म्हणजे खरं तर पुष्कळ फळांचा गुच्छ. एका फुलात साधारण १०० स्त्रीकेसर असतात आणि ज्याला पराग मिळेल त्याचाच मणी फुगतो. उद्या एक वाकडं फळ घ्या आणि उजेडात धरून भिंगातून पाहा. फुगलेल्या मण्यांच्या मधे मोहरीहून बारीक, हिरवट, कडक ठिपके दिसतील. ते न भरलेले मणी. मणी एकमेकांना बारीक लवेने धरून असतात. मधे रिकाम्या जागा पडल्या की ती पकड सुटते आणि फळ विस्कटतं.

झाड स्वतःच्या परागावर फळ धरतं, पण तो पराग सगळ्या स्त्रीकेसरांपर्यंत पोचवायला माशी हवी. आपल्याकडे धुकं आणि गारठा असला की माशी पेटीबाहेर पडत नाही. त्यात उघड्या फुलांवर कीटकनाशक पडलं तर उरलेली माशीही गेली. शेजारच्या स्ट्रॉबेरीवरचा फवाराही वाऱ्याने तुमच्या परसात येतो, त्यांच्याशी बोला. फवारणी टाळताच येत नसेल तर माशा घरी परतल्यावर, संध्याकाळी करा म्हणावं.

खात्री करून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. नुकत्याच उमललेल्या दहा फुलांना लाल दोरा बांधा. सकाळी दव वाळल्यावर मऊ कुंचला फुलाच्या कडेच्या पुंकेसरांवरून मधल्या भागावर हलका गोल फिरवा, सलग दोन-तीन दिवस. शेजारच्या दहा फुलांना पांढरा दोरा बांधून ती तशीच ठेवा. लाल दोऱ्याची फळं भरली आणि पांढऱ्याची विस्कटली, तर दोष परागीभवनाचा. मग सातेरीची, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीची, एक भरलेली पेटी परसाच्या कडेला ठेवा. आपल्याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं, तिथे जाणती माणसं भेटतील.

दोन्ही दोऱ्यांची फळं विस्कटली तर बोरॉनकडे बघावं लागेल. आपली तांबडी जमीन आणि एवढा पाऊस, बोरॉन वाहून जातोच. पण माती परीक्षण केल्याशिवाय टाकू नका, जास्त झाला तर पानांच्या कडा जळतात. अहवालात कमतरता आली तर २० टक्क्यांचं बोरॉन, लिटरला १ ग्रॅम, फुलं उमलण्याआधी एकच फवारणी.

आणि वीसपैकी दोन-चारच झाडं दरवर्षी असं फळ देत असतील, बाकीची चांगली असतील, तर विषाणूचा संशय धरा. त्यावर औषध नाही. परागातून पसरणारा प्रकारही असतो, म्हणून झाड मुळासकट काढा. त्याचे फुटवे कुणाला लावायला देऊ नका, कितीही मागितले तरी.

पाण्याचं एवढंच, की मुळं वरच्या थरात असतात. मणी फुगताना एक पाणी चुकलं तरी फळ बारीक राहतं. वाळल्या पाल्याचं आच्छादन घाला, वाफसा, म्हणजे चिखल न होता राहणारी मातीची ओल, टिकवा. फळ देऊन झालेल्या जुन्या काड्या जमिनीलगत छाटा, म्हणजे आत ऊन-वारा खेळेल. यंदाच्या कोवळ्या काड्या मात्र राखा, पुढचं फळ त्यांच्यावर आहे.

पिकल्यावर लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची फळं वेगवेगळ्या वाट्यांत तोडा आणि दोन्ही वाट्या घेऊन कार्यालयात या. सोबत बसून मणी मोजू.