तेरा टीम फिरला म्हणजे वाया गेला का?

ताई, तुमचा भाचा म्हणतोय की एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, ईश स्मिथ १३ टीम फिरला म्हणजे तो कुणालाच नको होता, आणि तुम्ही विचारलंय की अशा खेळाडूकडे बघून पोरांनी काय शिकायचं. मी नाशकात शाळेपासून बास्केटबॉल खेळतोय, आता सातपूरला नोकरी करून संध्याकाळी पोरांना शिकवतो, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तर लांबणार, पण वाचा आणि भाच्यालाही वाचायला द्या.

एनबीएमध्ये टीम बदलणं बहुतेक खेळाडूंच्या हातात नसतंच. ट्रेड, म्हणजे दोन टीममध्ये खेळाडूंची देवाणघेवाण, झाला की फोन येतो, तुला अमक्या टीमला दिलंय, की निघाला. आपल्याकडे सरकारी बदलीला निदान ऑर्डर हातात पडते, सामान बांधायला चार दिवस मिळतात, इथे बायकापोरं मागे राहतात आणि माणूस दोन दिवसांत दुसऱ्या गावात प्रॅक्टिसला उभा असतो. त्यात १० दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणून एक प्रकार आहे, ५ जानेवारीनंतर टीम असं कॉन्ट्रॅक्ट देऊ शकते, एका सीझनमध्ये एकाच खेळाडूला दोनदा, त्यानंतर मात्र उरलेल्या सीझनसाठी ठेवा नाहीतर सोडा. विचार करा, दहा दिवसांत तीनचार मॅच, त्यात पाच मिनिटं मिळाली तर मिळाली, आणि तेवढ्यावर पुढची भाकरी ठरणार.

आता ईश स्मिथचं बघा. उंची ६ फूट, म्हणजे तिथे बुटकाच. ड्राफ्ट म्हणजे टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात ते, २०१० च्या ड्राफ्टमध्ये ६० पोरं निवडली गेली त्यात हा नव्हता. तरी ह्यूस्टनने घेतलं, काही महिन्यांत मेम्फिसला पाठवलं, मग गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, सहा वर्षांत नऊ टीम! २०१६ ला डेट्रॉइटने तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तेव्हा कुठे तो सलग तीन सीझन एका गावात राहिला. आणि फिरणं म्हणजे कमी दर्जा असंही नाही, १९९५ ला ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरावर निवडलेला जो स्मिथसुद्धा १२ टीमकडून खेळलाय.

भाच्याला फिलाडेल्फियाची गोष्ट नक्की सांगा. २०१५ च्या डिसेंबरात त्या टीमने ३१ पैकी फक्त १ मॅच जिंकली होती, पोरं उंच, तरुण, पण त्यांना वेळेवर पास देणारा कुणी नाही. मग त्यांनी पुढच्या दोन ड्राफ्टमधले दुसऱ्या राउंडचे दोन पिक, म्हणजे पोरं निवडायचे हक्क, देऊन न्यू ऑर्लिन्सकडून ईश स्मिथला परत आणला, आणि तो आल्यावरच्या पहिल्याच मॅचला त्यांनी फिनिक्सला हरवलं. सीझन १०-७२ वरच, म्हणजे १० विजय आणि ७२ पराभवांवर, संपला, चमत्कार वगैरे झाला नाही, पण ज्या टीमला बॉल पुढे न्यायला माणूस नव्हता तिला माणूस मिळाला. जो कुणालाच नको असतो त्याच्यासाठी कोण काही मोजतं का?

हे काम किती अवघड ते मला एका मॅचने शिकवलं. बाहेरगावच्या एका टुर्नामेंटला मला एका टीमने बाहेरचा प्लेअर म्हणून बोलावलं होतं, रात्रभर एसटीत बसून सकाळी पोचलो आणि दुपारी मॅच, कुणाचं नाव धड माहीत नाही. त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर, चांगला साडेसहा फूट, मी त्याला आत बाउन्स पास, म्हणजे जमिनीवर टप्पा टाकून पास, देतोय आणि तीन वेळा बॉल त्याच्या हातातून सुटला, मला वाटलं याला पकडताच येत नाही, मनातून रागच आला. हाफटाइमला पाणी पिताना तो हळूच म्हणाला, भाऊ खाली नको देऊ, गुडघा वाकत नाही माझा, वर दे, डोक्याच्या वर. बस, सेकंड हाफमध्ये त्याच पोराने लागोपाठ चार बास्केट केले. चूक माझी होती, मी विचारायला हवं होतं. आता असं प्रत्येक नव्या टीममध्ये चौदा जणांबद्दल दोन दिवसांत कळून घ्यायचं, वर प्रत्येक कोचची प्लेची, म्हणजे ठरवलेल्या चालींची, नावं वेगळी, कालपर्यंत एका हाकेला डावीकडे पळायचं आज त्याच हाकेला उजवीकडे, आणि पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा, चुकला की पाचही जण चुकतात. ईश स्मिथचा थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, कधीच भरवशाचा नव्हता, तो टिकला ते वेगावर आणि या समजेवर.

२०२३ ला डेन्व्हर चॅम्पियन झाली, ती त्याची तेरावी टीम, आणि तेरा हा एनबीएतला रेकॉर्ड. प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये, तो बहुतेक वेळ बाकावरच होता, तरी चॅम्पियनची रिंग त्याची आहे आणि मला त्यात काहीही कमी वाटत नाही. पुढच्या सीझनला तो पुन्हा शार्लटकडून, आपल्या एका जुन्या टीमकडून, खेळला, शार्लट त्याचं जन्मगाव.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे हेही सांगतो, उगाच स्वप्न दाखवत नाही. पंजाबचा सतनाम सिंग, ७ फूट २ इंच, २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरावर घेतला, पण एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. इथे बहुतेकांचं करिअर म्हणजे रेल्वे, सर्व्हिसेस, ओएनजीसी अशा टीममधली नोकरी. मलाही एका ठिकाणी ट्रायलनंतर घेतो म्हणाले, वर्षभर झुलवलं आणि मग भरतीच बंद झाली, ते अजून लागतं मला. म्हणून शिक्षण सोडू देऊ नका.

आणि त्याला या रविवारी सकाळी सहाला पाठवा. थंडीत कोर्टवर दव असतं, आधी सगळे मिळून पोत्याने पुसतो, तेव्हा जुना टॉवेल सोबत द्या. त्याला मी अनोळखी चौघांबरोबर खेळवणार आहे, आणि दहा मिनिटांनी विचारणार आहे की यातल्या कुणाला पास कुठे लागतो.