कायद्यात बंदी नाही, पण पब त्यांचा आहे

मँचेस्टरच्या पबमध्ये व्हेप (ई-सिगारेट) ओढताना बारवरच्या मुलीनं हटकलं, तुम्ही "कायद्यात बंदी कुठे आहे?" म्हणालात आणि मॅनेजरनं बिअर अर्धी असतानाच बाहेर काढलं. तुमची ही पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं.

कायद्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. (मी वकील नाही, आणि हे फक्त इंग्लंडपुरतं.) १ जुलै २००७ पासूनची धूम्रपानबंदी पेटवलेल्या पदार्थावर आहे. व्हेपमध्ये काहीच पेटत नाही, त्यामुळे तो त्यात बसत नाही. पण म्हणूनच निर्णय मालकाकडे जातो, आणि तो नको म्हणाला की विषय संपला. शिफ्टवरच्या पोरीला कलमं ऐकवण्यात काय हशील? नियम तिनं केलेला नाही. "सॉरी" म्हणा, व्हेप खिशात घाला, बाहेर कुठे चालेल ते विचारा. बहुतेक वेळा तीच बिअर गार्डनचा रस्ता दाखवते.

विचारायचं ते व्हेप काढायच्या आधी, ऑर्डर देताना. जेवणाच्या टेबलांजवळ तर विचारूही नका.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक पबमधली नाही. खाली रेस्टॉरंट, वर खोल्या असलेल्या ठिकाणी वेटरचं "चालतं" मी वरच्या खोलीलाही लागू धरलं. खोल्यांमध्ये बहुधा धूर ओळखणारे ऑप्टिकल डिटेक्टर असतात. आत प्रकाशाचा झोत असतो, कण आले की तो विखुरतो आणि अलार्म होतो. व्हेपच्या वाफेतले ग्लिसरीनचे थेंबही प्रकाश तसाच विखुरतात, डिटेक्टरला धूर आणि वाफ यातला फरक कळत नाही. खिडकी उघडून उपयोग नाही, वारा वाफ उलट छताकडे ढकलू शकतो. शिवाय मला क्लीनिंग चार्ज लावला तो वेगळाच. रिसेप्शनचं उत्तर एकच, "पॉलिसी आहे." कुठली, कुठे लिहिलीय, विचारलं तर पुन्हा तेच! म्हणून बुकिंगच्या आधी ईमेलवर लेखी घ्या, आणि रेस्टॉरंट, खोली, बाल्कनी हे तीन प्रश्न वेगळे विचारा. डिटेक्टरवर पिशवी बांधायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आगीचा प्रश्न आहे.

टॉयलेटमध्ये लपून ओढणं हा तर मूर्खपणाच. वास राहतो, आणि सापडलात की उगाच चोर ठरता.

उपकरणाचाही फरक पडतो. ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड आणि जास्त वॅटेज म्हणजे ढगच ढग. ५०-५० लिक्विड (म्हणजे ग्लिसरीन निम्मंच) आणि छोटा पॉड (कमी वॅटेजचा लहान व्हेप) घेतलात तर बागेतही शेजारचं टेबल वैतागत नाही. गोड फ्लेवरवर लोक धुरापेक्षा जास्त चिडतात, असं माझं मत.

जाता जाता, दिवाळीला पुण्याला जाणार असाल तर हे सगळं विसरा आणि व्हेप इकडेच ठेवा. भारतात २०१९ च्या कायद्यानं आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "स्वतःपुरताच आणलाय" या भरवशावर कस्टम्ससमोर उभे राहू नका. बॅग भरताना लिक्विडची बाटलीही काढा, टूथपेस्टच्या पाऊचमध्ये नेमकी तीच राहून जाते.