देणग्यांवर चालणारी छोटी वृत्तसंस्था सत्तेला खरंच जाब विचारू शकते का?

एखाद्या वस्तीपुरती, नफा न कमावणारी पत्रकारिता मानवी हक्कांसाठी काही करू शकते की देणगीदारांच्याच मर्जीवर चालते, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामात आहे. माझं उत्तर ठाम आहे: करू शकते.

शिकागोचं पाहा. ऑक्टोबर 2014 मध्ये लक्वान मॅकडॉनल्ड या 17 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला एका पोलिसाने गोळ्या घातल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर आला, असं पोलिसांच्या बाजूने सांगितलं गेलं आणि बातमी मिटली. ‘इन्व्हिजिबल इन्स्टिट्यूट’ या ना-नफा संस्थेचे जेमी काल्व्हेन यांनी शवविच्छेदन अहवाल मिळवला. 16 गोळ्या, त्यातल्या काही पाठीत. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांनी ते छापलं. पुढे एका मुक्त पत्रकाराने कोर्टात जाऊन पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण खुलं करायला लावलं. त्यात मुलगा पोलिसांपासून दूर चालताना दिसतो. 2018 मध्ये तो पोलीस दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी ठरला.

काल्व्हेन हे काही अचानक उगवलेले नव्हते. पोलिसी अत्याचारांवर ते कित्येक वर्षं लिहीत होते, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची कागदपत्रं लोकांना मिळावीत म्हणून कोर्टात लढून 2014 मध्येच जिंकले होते.

रोजचं काम यापेक्षा खूप संथ. तिथलीच ‘सिटी ब्युरो’ ही ना-नफा वृत्तसंस्था सामान्य रहिवाशांना शिकवून, मानधन देऊन सरकारी बैठकांना बसवते. कोणता विषय चर्चेविना मंजूर झाला, कोणत्या प्रश्नाला ‘नंतर कळवू’ म्हणून टाळलं, हे ते टिपतात. तेच ‘नंतर कळवू’ पुढच्या बैठकीतही आलं, की बातमी हाताशी येते. बेपत्ता कृष्णवर्णीय मुली-स्त्रियांच्या तपासात पोलिसांनी केलेल्या हेळसांडीवरच्या मालिकेसाठी या दोन्ही संस्थांना मिळून 2024 चं पुलित्झर हे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक मिळालं.

मला सगळ्यात जास्त काळजी असते ती बोलणाऱ्या माणसाची. ज्याच्याविरुद्ध तो बोलतो, त्याच्याच हद्दीत त्याला उद्याही राहायचं असतं. म्हणून नाव छापायचं का, हे त्याला छापण्याआधी पुन्हा विचारावंच लागतं, मग बातमी लांबली तरी चालेल.

देणगीदारांबद्दलची शंका रास्त आहे. पैसे देण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर देणगीदारांची यादी आहे का, बातमीत त्यांचा हस्तक्षेप चालणार नाही असं लेखी धोरण आहे का, ते बघा. आणि त्यांच्यापैकी कुणाविरुद्ध कधी काही छापलंय का, तेही सरळ विचारा.