'सैद्धांतिक चौकट कमकुवत' म्हणजे नेमकं काय कमी पडलं?

तुमच्या प्रबंधाबद्दलची पोस्ट वाचली. मालवण तालुक्यातल्या तीन जिल्हा परिषद शाळा, 38 पालक, 40 प्रश्नांची हो/नाही प्रश्नावली, विषय मुलांची बोली आणि शाळा. आणि सगळं टाइप करून झाल्यावर मार्गदर्शकांचा लाल पेनातला शेरा: 'सैद्धांतिक चौकट कमकुवत', म्हणजे ज्या सिद्धांताच्या आधाराने माहिती गोळा करून तिचा अर्थ लावायचा तोच लंगडा. हा शेरा माझ्या चांगलाच ओळखीचा आहे, एक सत्र त्यात गेलंय. ते रडगाणं नको. समाजशास्त्रातला डर्कहाइम कोण, मार्क्स कोण हे तुम्हाला येतंच, दुसरं प्रकरण त्यावरच आहे. घोटाळा असा की पाचव्या प्रकरणात त्यातलं एकही नाव परत येत नाही.

कारण प्रश्नावली आधी भरली आणि सिद्धांत मागाहून शोधला. यात दोष तुमचा अर्धाच. नाव घेत नाही, पण 'आधी डेटा घेऊन या, थिअरी शेवटी टाकू' असं खिडकीतून सांगणारं अभ्यासकेंद्र मला ठाऊक आहे. थिअरी म्हणजे काय पोह्यांवर भुरभुरायची कोथिंबीर आहे? वर्गात बसून काय टिपायचं हे सिद्धांतावरून ठरतं. जे टिपलंच नाही ते शेवटी आणणार कुठून?

आपल्याकडचंच घ्या. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला, आणि पास झालेलं पोर मुंबईच्या गाडीत. प्रकार्यवादी, म्हणजे समाजातली प्रत्येक संस्था समाज चालता ठेवायचं काहीतरी काम करते असं मानणारा, म्हणेल, व्यवस्था चोख चाललीय. त्याच गटातल्या पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या 1959 च्या निबंधात वर्ग हा घर आणि समाज यांच्यामधला दुवा आहे: घरात मूल आपलं म्हणून लाडकं, वर्गात सगळ्यांना एकच माप, आणि त्या मापाने निवड. हे तपासायचं तर माप खरंच एक आहे का ते बघायला हवं. मार्क्सच्या वाटेने जाणारे अर्थतज्ज्ञ बोल्स आणि गिंटिस (1976) बघतील की शाबासकी कशाला मिळते, चौकस प्रश्नाला की निमूट वही पूर्ण करण्याला. त्यांच्या मते शाळेची शिस्त आणि कामाच्या ठिकाणची शिस्त एकाच साच्यातली. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली, त्यामुळे हा चष्मा इथे भुरळ पाडतो. पण तुमच्या 40 प्रश्नांत शाबासकीचा एकही नाही. मग 'शाळा आज्ञाधारक कामगार घडवते' हे वाक्य कशाच्या जोरावर लिहिलंत?

  

सांस्कृतिक भांडवलाचे, म्हणजे शाळेत उपयोगी पडणाऱ्या घरच्या संस्कार-सवयी आणि साधनांचे, तुमचे नऊ प्रश्न: घरात पुस्तकं आहेत का, वर्तमानपत्र येतं का, टीव्ही आहे का, वगैरे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यूने या भांडवलाची तीन रूपं सांगितली: अंगात मुरलेलं, वस्तूंतलं आणि प्रमाणपत्रातलं. तुम्ही फक्त वस्तू मोजल्यात. अंगात मुरलेलं हो/नाहीत सापडत नाही, त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत बसा. कायद्याप्रमाणे तिथे 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. पण खुर्चीवर कोण बसलं, दाराशी कोण उभं राहिलं, गुरुजींना मध्येच अडवून कोण बोललं आणि नुसती सही करून कोण गेलं, हे दोन सभांत टिपलंत तर त्या नऊ प्रश्नांपेक्षा जास्त हाती लागेल.

आता ती जागा, जिथे तोंडी परीक्षेत हमखास पकडतात. तुम्ही लिहिलंय की मालवणी बोलणाऱ्या मुलांकडे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बर्नस्टाइनचा 'मर्यादित संकेत' असतो. हे वाक्य आधी खोडा. संकेत म्हणजे बोली नव्हे. ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक आहे असं धरून तुटक बोलणं हा मर्यादित संकेत, आणि तो पुण्याच्या प्रमाण मराठीतही रोज वापरला जातो. उलट सामायिक जमिनीचा हिस्सा परक्या माणसाला मुळापासून समजावणारी म्हातारी मालवणीतच विस्तारित संकेत वापरत असते. मूल म्हणतं, 'गुर्जी, काल मी येवंक नाय, व्हाळाक पाणी इला होता.' म्हणजे काल आलो नाही, ओढ्याला पाणी आलं होतं. यात काळ आहे, कारण आहे, काही उणं नाही. गुरुजी म्हणतात, 'येवंक नाय काय? आलो नाही म्हण.' व्हाळाच्या पाण्याबद्दल चकार शब्द नाही. हे बर्नस्टाइनचं उदाहरणच नव्हे, बूर्द्यूचं आहे: वर्गाच्या बाजारात प्रमाण भाषेला भाव, मालवणीला नाही. भाषावैज्ञानिक लबॉव्हने 1969 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीबद्दल हाच मुद्दा मांडला, की ती भाषा वेगळी आहे, तोकडी नाही. त्याचा एक परिच्छेद टाका.

हे दुरुस्तीचे प्रसंग मोजायला पेन्सिल आणि बैठकीचा नकाशा पुरतो. प्रत्येक मुलाला एक चौकोन, त्यात चार खुणा: प्रश्न विचारला, शाबासकी दिली, रागावले, भाषा सुधारली. मराठी आणि गणित मिळून 8 ते 10 तासिका बसा. पहिले दोन दिवस मोजू नका, तेव्हा मुलं आणि गुरुजी दोघेही पाहुण्यासाठी वागत असतात. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर गुरुजी त्या घटकेला कोणत्या इयत्तेपाशी आहेत ते समासात लिहा, नाहीतर चौथीला प्रश्नच विचारत नाहीत असा भलताच निष्कर्ष निघतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिस्टच्या 1970 च्या अभ्यासात बालवर्गातली मुलं आठव्याच दिवशी तीन टेबलांवर वाटली गेली होती, म्हणून जमलं तर जूनमध्येच जा. शिक्षकाच्या अपेक्षेने मुलाची प्रगती बदलते असं सांगणाऱ्या रोझेंथल आणि जेकबसन (1968) यांचा दाखला मात्र जपून द्या. 'ही मुलं झपाट्याने पुढे जातील' म्हणून शिक्षकांना दिलेल्या यादीत सुमारे 20 टक्के मुलं होती आणि ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती, फरक ठळक दिसला तो पहिली-दुसरीत, आणि त्या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली.

माझं मत विचाराल तर बूर्द्यू मुख्य ठेवा आणि पार्सन्स विरोधी पक्षात. बाकीच्यांना सुट्टी द्या. प्रश्नावली फेकू नका, ती पार्श्वभूमीला जाईल. एका कागदावर तीन रकाने आखा: सिद्धांत काय म्हणतो, तो खरा असेल तर वर्गात काय दिसेल, खोटा असेल तर काय दिसेल. तिसरा रकाना भरता आला नाही तर तो सिद्धांत तुम्ही तपासत नाही, नुसता त्याला हार घालताय. फुल्यांचंही तसंच करतात. 1882 च्या हंटर आयोगापुढे त्यांनी रयतेच्या करावर वरच्या वर्गांचं शिक्षण पोसलं जातं हे मांडलं आणि किमान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं. तो रोखठोक संघर्षाचा युक्तिवाद आहे, प्रस्तावनेतला फोटो नव्हे. मी परीक्षक नाही, तेव्हा हे सगळं आधी मार्गदर्शकांना दाखवा.

आणखी दोन-तीन गोष्टी. एका शाळेचा पट 14 आहे, तिथे टक्केवारी देऊ नका. एक मूल म्हणजेच 7 टक्के होतात. अशा शाळेत 'एक कातकरी मुलगा' लिहिलं की गावाला तो कोण ते लगेच कळतं, तेव्हा जात-जमात आणि इयत्ता एकत्र छापू नका. जुलैची गैरहजेरी 'पालकांची उदासीनता' म्हणून खपवायच्या आधी वाटेतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बघून या. मुंबईकर पालक गणपतीत भेटतील, पण गौरी जाईपर्यंत कुणाला बसायला वेळ नसतो. मच्छीमार पालकांना मात्र जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाठा. जाळी विणताना माणूस तासभर बोलतो, आणि हातात फॉर्म दिसला की गप्प होतो.